सख्त अफसोस

नांदेडच्या भाजीबाजारात एका शिकल्यासवरल्या माणसाला मेथी विकणाऱ्या बाईपुढं हात जोडून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. बाई शेजारणीला सांगत होती, "लेकरू काल लई जोरात झोपलं बग." त्यावर आमच्या या गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "माय, जोरात पळतेत. झोप गाढ लागती. गाढ झोपलं म्हन." बाईनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं केलेली जुडी परत टोपलीत ठेवली. "तुमाला न्हाई द्यायची," ती म्हणाली. मला नोकरीला लागून तेव्हा चार दिवस झाले होते, आणि याच गृहस्थांच्या शेजारच्या खोलीत मी बिऱ्हाड केलं होतं.

ते आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, मी गणित. निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. शाळेत सगळे विषय उर्दूतून, घरी मराठी, आणि या दोन्हींच्या डोक्यावर इंग्रजी. मुलं त्यांना लीमास्तर म्हणायची. काम कसं झालं हे सांगायला इंग्रजीत क्रियापदाला जे शब्द जोडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटी 'ली' येतं. डीपली, फ्लॅटली, बिटरली. मास्तरांचा सगळा जीव त्या 'ली'मध्ये अडकलेला. बाकीचं व्याकरण ते उरकल्यासारखं शिकवत. पण कोणत्या क्रियापदाजवळ कोणता 'ली' बसतो हा प्रश्न निघाला की त्यांचा आवाज बदलायचा, आणि तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. पुढच्या तासाला मी दाराशी ताटकळत उभा असायचो.

"ढसाढसा हसतो का रे कुणी?" असं ते वर्गाला विचारत.

"न्हाई!"

"खदाखदा रडतो?"

"न्हाई!"

"का न्हाई?"

वर्ग चिडीचूप. मास्तरांना त्या शांततेचा फार आनंद व्हायचा. "कारण न्हाई! नियम न्हाई! ढसाढसाची सोयरीक रडण्याशी झाली. कुणी जमवली, कवा जमवली, ठाव न्हाई. पण ती मोडायचा हक्क तुमच्या बापाला न्हाई. इंग्रजाच्या घरी बी असंच हाय. नकार द्यायचा तर फ्लॅटली रिफ्यूज. साफ नकार. हरकत घ्यायची तर स्ट्राँगली ऑब्जेक्ट. ह्याची बायको त्याच्या घरात नांदवायची न्हाई."

मी एकदा गमतीनं म्हणालो की, मास्तर, आमच्यात बरं आहे, दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहाच. इकडचं तिकडं केलं तरी कुणाचं बिघडत नाही. त्यांनी माझ्याकडं खरोखर दयेनं पाहिलं. "म्हणूनच," ते म्हणाले, "तुमच्या तासाला पोरं रडतेत, पण कशी रडतेत ते तुमाला सांगता येत न्हाई."

दर शनिवारी शाळेच्या मागच्या लिंबाखाली ते जोड्या लावायचे. निम्म्या मुलांच्या हातात 'ली'चा कागद, निम्म्यांच्या हातात क्रियापदाचा. शिट्टी वाजली की ज्यानं त्यानं आपला जोडीदार शोधायचा. एकाच क्रियापदावर दोघांनी हक्क सांगितला की गचांड्या धरेपर्यंत पाळी यायची, आणि मास्तर मधोमध उभे राहून पंचासारखे न्याय करायचे. जोडी चुकली तर त्या दोघांनी एकमेकांचा हात धरून तासभर बाकावर उभं राहायचं. "काडीमोड होईपत्तूर नांदा आता," असं म्हणून मास्तर दुसऱ्या जोडीकडं वळत. 'व्हेरी' या शब्दाला त्यांच्या वर्गात बंदी होती. व्हेरी म्हणजे कुणाच्याही पंगतीला ताट वाढून घेणारा, त्याला घरात घ्यायचं नाही.

हे सगळं मुलांपुरतं असतं तर ठीक होतं. आमच्या एका शिक्षकाची आई वारली तेव्हा आम्ही अकरा जणांनी सह्या करून इंग्रजीत सांत्वनाचं पत्र तयार केलं होतं. तेव्हा तीच पद्धत होती. मास्तरांच्या हातात सहीसाठी कागद गेला, त्यांनी तो वाचला आणि उभा फाडला. पत्रात 'व्हेरी सॅड' होतं. "मेलेल्या माणसाला तरी बरोबर शब्द द्या की," ते म्हणाले आणि तिथंच बसून त्यांनी नवं पत्र लिहिलं. 'डीपली' हा शब्द लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. देगलूरच्या घरात वाढलेल्या, मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत नवऱ्याला काहीतरी सुनावणाऱ्या. त्या म्हणायच्या, "भावजी, लग्नात ह्यांनी नाव घेताना अडकून बसले. आधी मनापासून म्हनाले, मग मनोभावे म्हनाले, मग थांबले. ठरंचना. आमचे आन्ना म्हनाले, पोराला फीट येती काय की." मास्तर आतून ओरडायचे, "मनोभावे पूजा करतेत! बायकोचं नाव मनोभावे कसं घेणार?" वीस वर्षांच्या संसारात तो निर्णय लागला नव्हता, असं वहिनींचं म्हणणं.

माणिकवर त्यांचा जीव होता. माणिक कंधारकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिकच्या वर्गात. दिसायला काटकुळा, बोलायला धीट. शनिवारच्या खेळात तो कधी चुकला नाही. "कान हाय याला," मास्तर म्हणायचे. "माझ्यामागं नांदेडात इंग्रजी कुणाला येईल तर याला." हे ते त्याच्या तोंडावरही म्हणत, आणि पोरगं लाजण्याऐवजी मान डोलवायचं.

हुजूरांच्या सालगिरहचा, म्हणजे निजामाच्या वाढदिवसाचा, दिवस होता. अशा दिवशी सगळी शाळा मैदानात उभी करून राजाच्या दीर्घायुष्यासाठी दुआ म्हणायची रीत होती. दुआ चालू झाली आणि मॅट्रिकच्या रांगेतून माणिक बाहेर पडला. घोषणा नाही, काही नाही. सरळ चालत फाटकापर्यंत गेला आणि फाटकाबाहेर मैदानाकडं पाठ करून उभा राहिला. पाचशे मुलं दुआ म्हणत होती आणि त्या पाचशे मुलांचे डोळे त्याच्या पाठीवर होते. ते दिवस असे होते की, याहून कमी गोष्टीसाठी घरंच्या घरं गाव सोडून गेली होती.

आमचे हेडमास्तर, त्यांना सदरसाहेब म्हणत, फारसीचे जाणकार, वयानं उतरलेले, कुणाचं वाईट होऊ नये असं मनापासून वाटणारे. त्यांनी प्रकरण घरातल्या घरात मिटवायचं ठरवलं. मुलानं आठ दिवसांत माफीनामा लिहून द्यायचा. कागद हैदराबादला जाणार, तिथले तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब विलायतेत शिकून आलेले, त्यांना इंग्रजीच कागद लागे, म्हणून माफीनामा इंग्रजीत. दिला तर गोष्ट संपली. नाही दिला तर नाव कमी होणार, संस्थानातली कुठलीच शाळा त्याला घेणार नाही, आणि कागद पोलिसांकडं जाणार.

माणिकचे वडील गावाहून आले. मास्तरांच्या खोलीत खाली बसले, वर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सर, तुमी सांगा त्याला. आमच्या घरात आजपातुर कुनी सातवीच्या म्होरं गेलं न्हाई. एक कागूद तर हाय."

"दादा, मी माफी मागनार न्हाई," माणिक बापाला म्हणाला. "काय चुकलं माजं? मी कुनाला शिवी दिली न्हाई." मग मास्तरांकडं वळून तो म्हणाला, "मास्तर, मी फ्लॅटली रिफ्यूज करतो."

जोडी ऐकून मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. एवढ्या टांगत्या तलवारीखाली त्यांना त्या जोडीचा आनंद झाला होता! मला त्यांचा रागच आला. बाप तिथं खाली बसून रडत होता.

दुसऱ्या दिवशी सदरसाहेबांनी मास्तरांना बोलावून मजकूर सांगितला. मी तिथं होतो. "लिखवाइए, मास्टर साहब. मुझे अपनी हरकत पर सख्त अफसोस है. बस, एक ही जुमला. बच्चा है." मास्तर "जी" म्हणाले. त्याच दुपारी रिकाम्या वर्गात माणिकला समोर बसवून त्यांनी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि कागद त्याच्याकडं फिरवला. "वाच. आणि वाचून मग सांग, सही करतो का न्हाई."

माणिकनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं मास्तरांकडं पाहिलं आणि गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. टाक उचलून त्यानं सही केली. मी कागद पाहिला. 'आय हार्डली रिग्रेट माय कंडक्ट.' मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सदरसाहेबांनी तो अक्षरांवर बोट ठेवून वाचला. "हार्ड, यानी सख्त. हार्डली, सख्ती से. माशाअल्ला." शिक्का बसला, कागद गेला.

घरी येताना मास्तर मला म्हणाले, "तुमाला बी कळलं न्हाई ना? मग बरं. म्हणजे त्यांना बी कळायचं न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. हार्ड म्हणजे कठीण, कडक, सख्त. झटून काम कर म्हणायचं तर वर्क हार्ड म्हणायचं, त्याला मागं 'ली' लावायची नाही. लावली की अर्थ फिरतो. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. माणिकनं सही केली होती ती 'मला माझ्या वागण्याचा पश्चात्ताप जवळजवळ नाहीच' या वाक्यावर. उर्दूतला सख्त अफसोस नियमानं इंग्रजीत नेला की हार्डली रिग्रेट होतो. आमच्याकडची निम्मी शिकलेली माणसं ही चूक करायची. मीही केली असती. मास्तरांनी त्या चुकीच्या आडोशाला पोराला उभं केलं होतं.

मी रस्त्यातच उभा राहिलो. ज्या माणसानं एका चुकीच्या शब्दासाठी अकरा जणांच्या सह्यांचा कागद फाडला, त्यानं सरकारी कागदावर जाणूनबुजून असं लिहावं? "मास्तर, कुणाला कळलं तर?" मी म्हणालो. "तर काय," ते म्हणाले, "तर त्याला इंग्रजी येतं म्हणायचं." आणि पुढं चालू लागले.

महिना होत आला होता. एका सकाळी हैदराबादचे ते साहेबच शाळेत येऊन उतरले. सडपातळ, मृदू बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे. त्यांनी तो कागद सदरसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि अर्थ समजावून सांगितला. सदरसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुर्चीचा हात धरला तो सोडलाच नाही.

"दो में से एक बात है," साहेब म्हणाले. "या तो मास्टर साहब को अंग्रेजी नहीं आती, या जरूरत से ज्यादा आती है." पहिली गोष्ट खरी असेल तर नालायक मास्तराचा बंदोबस्त खातं करेल. दुसरी खरी असेल तर मास्तर आणि मुलगा दोघांनाही ते पोलिसांच्या हवाली करणार होते. हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मास्तरांची परीक्षा मॅट्रिकच्या वर्गातच घ्यायची ठरली, मुलांसमोर. माझं अक्षर बरं म्हणून फळ्यावर मला लिहायला लावलं. साहेबांनी दहा वाक्यं सांगितली, प्रत्येकात 'ली'ची जागा रिकामी. बाजूला दहा शब्द. ज्याची जोडी त्याला लावायची. असलं काम आमच्या मास्तरांना झोपेत जमलं असतं. चाळीस मुलं बाकांवर बसलेली, माणिक दुसऱ्या बाकावर. मास्तरांनी खडू घेतला.

पहिलं वाक्य होतं, त्यानं साफ नकार दिला. मास्तरांनी तिथं 'हेवीली' लिहिलं. म्हणजे त्यानं मुसळधार नकार दिला. वर्गात कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. दुसऱ्यात पाऊस पडत होता, तो त्यांनी 'सिन्सियरली' पाडला, मनापासून. तिसऱ्यात बाई रडत होती, ती साफ रडली. ज्या पोरांना त्यांनी याच जोड्यांसाठी तासतास बाकावर उभं केलं होतं, त्या पोरांचे चेहरे आधी गोंधळले, मग एकेकाच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. एक जण मागून पुरेसं मोठ्यानं म्हणाला, "आयला, मास्तरालाच येत न्हाई." मास्तरांच्या हातातला खडू मोडला. त्यांनी खाली वाकून तुकडा उचलला आणि चौथं वाक्य घेतलं.

मी गणिताचा माणूस. पाचव्या वाक्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहा शब्द डोळे मिटून दहा जागी टाकले, तरी तीन वेळांतून साधारण दोनदा एखादा तरी आपोआप बरोबर पडतो. अडाण्यालाही एकदोन साधतातच. मी मनात म्हणू लागलो, मास्तर, एक तरी बरोबर लिहा. एकच. पण ते ऐकायला तयार नव्हते. चुकायचं ठरवल्यावर तेही त्यांनी काटेकोरपणे केलं. दहाच्या दहा चूक.

साहेबांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा काढला, पुसला. "दसों गलत," ते हळूच म्हणाले. "बेवकूफ भी दो-एक तो सही कर ही देता है. दसों गलत करने के लिए बहुत अंग्रेजी आनी चाहिए, मास्टर साहब."

वर्गातलं हसू एकदम थांबलं. आणि दुसऱ्या बाकावरून माणिक उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "साहेब," तो म्हणाला, "मास्तरांनी मुद्दाम..."

"सिट डाऊन हार्डली!"

मास्तर इतक्या जोरात ओरडले की खिडकीतले पारवे उडाले. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळा वर्ग फुटला. चाळीस पोरं बाक बडवून हसायला लागली. मास्तर मध्ये उभे, मान लालबुंद, मूठ वळलेली, अगदी चिडलेल्या अडाणी माणसासारखे. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, ओठ दाबले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. ते खुर्चीत मागं रेलून डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसले. रागाच्या भरातही तीच चूक करणाऱ्या माणसाबद्दलचा त्यांचा संशय त्या हसण्यात गेला.

मास्तर वाचले, पोरगा वाचला, असं मला वाटलं. पण साहेबांनी माफीनाम्याचा कागद टेबलावर पसरला, 'हार्डली'वर रेघ मारली, वर स्वच्छ अक्षरात 'डीपली' लिहिलं आणि माणिकला बोलावलं. "दस्तखत."

आता कागदावर खरी माफी होती. माणिक टेबलापाशी गेला. बापाच्या रडण्याला न बधलेला तो मुलगा, त्यानं आता काय करावं याची मला कल्पना नव्हती. त्यानं टाक घेतला आणि त्या दुरुस्तीशेजारी सही केली. मास्तरांकडं पाहिलंही नाही. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी मास्तरांकडं पाहिलं. ते कागदाकडं पाहत होते.

"डीपली रिग्रेट," ते पुटपुटले. "जोडी बरोबर हाय."

साहेबांनी नोकरीच्या कागदावर शेरा मारला, ग्रॉसली इनकॉम्पिटंट. ठार नालायक. इंग्रजी काढून घेतलं आणि रेणापूरकडच्या एका खेड्यात पहिलीच्या वर्गावर बदली केली. वहिनींनी बोचकी बांधताना मला सांगितलं, "शाळेतून आले तसे मोरीत जाऊन बसले. पोटातलं सगळं उलटून पडलं. दोन दिवस पानी ठरंना. भावजी, असं काय शिकवलं हो त्या दिवशी?" मी काय सांगणार? मास्तरांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगू नका म्हणाले होते. माणिकला मी शिव्या घातल्या तेव्हा ते माझ्यावरच खेकसले. "सतरा वर्षांचं लेकरू हाय ते. पोलिसाला भ्यालं. तुम्ही भ्याला न्हाई काय?" भ्यालो होतो. फळ्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून सगळा वेळ उभाच होतो मी.

नंतर एकदा मी लातूरला बहिणीकडं गेलो असता त्यांना भेटायला गेलो. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर शाळा भरली होती. शेंबडी पोरं मांडी घालून बसलेली आणि मास्तर एकेक शब्द टाकत होते. "हिरवं?" "गार!" "काळं?" "कुट्ट!" "पांढरं?" "शुभ्र!" "पिवळं?" "धम्मक!" मला पाहून ते उठून आले. वाळले होते, पण डोळे तेच. "बघा," ते म्हणाले, "इथं एक बी पोरगं चुकत न्हाई. मी शिकवून न्हाई राहिलो, नुसतं ऐकून राहिलो." इंग्रजीचा एक शब्दही त्या दिवशी त्यांच्या तोंडून आला नाही. मी एकदा विषय काढला तर त्यांनी मला गूळ-शेंगदाणे पुढं केले.

राजवट गेली. नवे अधिकारी आले. मी पुन्हा गेलो आणि म्हणालो, मास्तर, आता सांगून टाकू. मी साक्षीदार आहे. तुमचा शेरा पुसला जाईल, तुम्ही परत नांदेडला याल. त्यांनी साफ नकार दिला. तोवर माणिकचं नाव झालं होतं. माफी न मागणारा विद्यार्थी म्हणून त्याचे सत्कार होत होते, त्यावर त्याला पुढच्या शिक्षणाला मदत मिळाली होती. मास्तरांचा शेरा पुसायचा तर ती जुनी फाईल उघडावी लागणार, आणि फाईल उघडली की 'डीपली'शेजारची माणिकची सही वर येणार. "मिटलेलं हाय ते मिटू द्या," ते म्हणाले. त्याच गावात, त्याच वर्गावर ते वारले. मला कळलं तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. सांत्वनाचं पत्र लिहायला बसलो आणि एक ओळ लिहिता आली नाही.

यानंतर पुष्कळ वर्षांनी शाळेचा मोठा समारंभ झाला. माणिक आता माणिकराव, नामांकित वकील, पांढऱ्या केसांचे, समारंभाचे मुख्य पाहुणे. जिवंत राहिलेला सर्वांत जुना शिक्षक म्हणून मलाही व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत बसवलं होतं. माणिकराव छान बोलले. जुने दिवस सांगितले, दुआच्या वेळी रांग सोडल्याचं सांगितलं. मी मनात म्हणालो, आता येईल. आता मास्तरांचं नाव येईल.

"माफीनामा लिहून दे म्हनाले," ते हसत म्हणाले. "मी काय खुळा हाय? मी लिहिलं, आय हार्डली रिग्रेट! म्हंजे मला पश्चात्ताप न्हाईच! आणि गंमत बघा, आमच्या इंग्रजीच्या मास्तराला बी ते कळलं न्हाई! कसं कळनार? ते आमाला ओरडायचे, सिट डाऊन हार्डली!"

मंडप हसून कोसळला. माझ्या शेजारी बसलेली तरुण शिक्षिका डोळे पुसत हसत होती. ते खोटं बोलत होते की इतक्या वर्षांत तेच त्यांना खरं वाटायला लागलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी उठलो. उभा राहिलो. म्हणायचं होतं, हे त्यांनी लिहिलं नाही. म्हणायचं होतं, त्या माणसानं ह्याच्यासाठी दहा वाक्यं चुकवली होती, आणि घरी जाऊन दोन दिवस त्याच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं.

माणिकरावांनी मला पाहिलं. त्यांचं हसू एक क्षण थांबलं. मग ते माईकवर प्रेमानं म्हणाले, "बसा सर, बसा. तुमचा सत्कार हायच आता." खाली उतरून त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. त्यांचा हात गार पडला होता. टाळ्या वाजत होत्या. कुणीतरी माईक माझ्या तोंडापुढं धरला आणि सगळा मंडप शांत झाला. माणिकराव माझ्या डोळ्यांत पाहत होते.

"मनःपूर्वक आभार," मी म्हणालो आणि बसलो.